तीन चुलींचं घर

मी घरातून वेगळा निघालो, ही बातमी मला बाबूलालच्या दुकानात कळली. मी काडेपेटी घ्यायला गेलो होतो. त्यानं पेटी पुढं केली, माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बस, काडेपेटीच? मीठ नाही, तिखट नाही? नवा संसार हाय, शालिग्रामभाऊ. लाजू नका."

"कोनाचा संसार?"

"आता मलेच विचारता?" बाबूलाल हसला. "साऱ्या गावाले माहीत हाये."

माझं वय बावीस होतं. लग्न झालेलं नव्हतं. पाणी तापवायला ठेवलं तर ते आटेपर्यंत मला आठवत नसे. असा मी स्वतंत्र चूल मांडून दोन-तीन दिवस झाले, हे गावाला माहीत होतं आणि मला नव्हतं.

दोष सगळा माझाच होता, पण तो सांगायला थोडं मागं जावं लागेल.

रिठदच्या पलीकडं आमचं घर. मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट धाबं. आम्ही तिघं भाऊ: थोरला बबनराव, त्याला आम्ही दादा म्हणतो, मधला जगदेव, आणि मी. दादाची बायको रंगूवैनी. जगदेवची बायको मनकर्णावैनी. आई लवकर गेली, तेव्हापासून चूल रंगूवैनीच्या हातात. आमच्या घरात चूल जिच्या हातात तिच्या शब्दाला वजन. दादा बाहेर कितीही मिशीला पीळ देऊन बोलला तरी उंबऱ्याच्या आत आल्यावर आधी चुलीकडं पाहायचा आणि मग बोलायचा.

तर एक दिवस रंगूवैनीनं मला गोठ्यामागं बोलावलं. आजूबाजूला पाहिलं. म्हणजे मान फिरवली.

"शालिग्राम, तुले एक सांगतो. कोनाले सांगशीन तं तुह्या ताटात राख वाढीन."

"सांगा."

"मले दिसत नाही बाबू."

मी हसलो. ती हसली नाही. सकाळी अंधूक, चुलीपुढं बसलं की त्याहून अंधूक, धूर डोळ्यांत गेला की तासभर काहीच नाही. भाकरी भाजली की नाही, ते ती वासावरून आणि हाताला लागणाऱ्या वाफेवरून ठरवत होती. मीठ चिमटीच्या अंदाजानं. आणि हे दोन वर्षांपासून.

"मंग दादाले सांगा ना."

"अन मंग? चूल मनकर्णेले देतीन अन मले कोपऱ्यात पोतं टाकून देतीन. बस म्हनतीन, वाती वळ." ती अडतीस वर्षांची होती. "तो ब्लॉकातला मानूस सायकलवर हिंडते ना, बिनधुराची चूल घाला म्हनते. त्याले आन. पन म्या बोलावलं म्हनून नको सांगू. सरकारचा हुकूम हाय म्हन."

तो माणूस म्हणजे जानराव ग्रामसेवक. पंचावन्न साल होतं. गावोगावी विकास चालला होता आणि तो जानरावच्या सायकलला मागं बांधलेला असे: एक मोजपट्टी, एक पत्र्याची झडप आणि हिंदीत छापलेली एक पुस्तिका. सहा महिन्यांत त्याला एकानंही स्वतःहून बोलावलं नव्हतं. मी बोलावल्यावर त्याला आनंद झाला नाही, संशय आला.

"खरंच चूल घालायची आहे? की मागच्या गावासारखं मला कोंडून घालायचं आहे?"

मी शपथ घेतली. सरकारी हुकमाची गोष्ट सांगितली. तीही त्यानं तीन वेळा ऐकून घेतली आणि शेवटी कबूल केलं, कारण त्याच्या वरच्या साहेबाला महिनाअखेर एक तरी चूल दाखवायची होती.

दादाला हुकूम ऐकवला तेव्हा त्यानं मिशीला पीळ दिला.

"साऱ्या गावात आमचंच घर काहून?"

"चिठ्ठी निघाली," मी म्हणालो.

"सरकारले आमच्या धुराचं काय कराचं हाये?"

"काही नाही. नळातून वर सोडून देणार."

"असं कसं सोडतीन? नेऊन राह्यले म्हनजे त्याले काहीतरी भाव असन." त्यानं जगदेवकडं पाहिलं. "तुले माहीत होतं का हे?"

"मले? मले वाटलं तुमीच आनलं."

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. हे पहिलं पाहणं. पुढं आठवडाभर हेच चाललं.

जानरावनं दोन दिवसांत चूल घातली. जुन्या चुलीच्या शेजारीच, कारण धाब्याला धूर जायचं भोक तिथंच होतं. माती, तूस, शेण यांचं लांबट अंग, वर भांड्यांसाठी तीन तोंडं, शेवटी कुंभाराकडून भाजून आणलेले मातीचे नळ. ते नळ त्यानं जुन्या भोकातून वर काढले आणि भोवती चिखल थापून भोक बंद केलं. पुस्तिकेतलं चित्र आणि चूल यांत फरक इतकाच की चित्रातली बाई हसत होती.

"आता दहा दिवस पेटवायची नाही," जानराव म्हणाला. "ओली आहे. तडकेल."

"अन तोवर?"

"तोवर जुन्या चुलीवर करा."

जुनी चूल होतीच. आमच्याकडं जुनी चूल अशी कोणी मोडत नाही. नवीवर दूध उतू जावं लागतं, पहिला घास अग्नीला द्यावा लागतो, मग जुनीला हळदकुंकू वाहून मोडायची. घर एक दिवसही चुलीवाचून ठेवायचं नाही.

फक्त जुन्या चुलीचा धूर ज्या भोकातून जायचा, त्या भोकात आता सरकारी नळ होता. बिनधुराच्या चुलीनं पहिल्या दिवसापासून घरात जितका धूर केला, तितका आमच्या सात पिढ्यांनी केला नसेल. रंगूवैनीचे डोळे लाल गुंज झाले, तरी ती उठली नाही. तिला वाटलं, उठलं तर दिसत नाही ते कळेल. मनकर्णावैनी मात्र तिसऱ्या दिवशी खोकत बाहेर आली, अंगणात गोठ्याजवळ तीन दगड मांडले आणि शेतातल्या मजुरांच्या भाकरी तिथं थापायला लागली.

आता गावाच्या बाजूनं पाहा. आमच्याकडं घरं दारांवरून मोजत नाहीत, चुलींवरून मोजतात. पटवारीही दारात आला की "चुली किती?" असंच विचारतो. एक चूल म्हणजे एक घर. दुसरी चूल पेटली म्हणजे भाऊ वेगळे झाले, हे सांगायला दवंडी लागत नाही. आमच्या घरात जुनी एक, नवी एक आणि अंगणात तीन दगडांची एक. चुली तीन. भाऊ तीन. गावानं हिशेब लावला, आणि तो पहिल्याच फटक्यात बरोबर आला.

त्याच आठवड्यात मला दोन स्थळं आली. एक तर मालेगावहून. मुलीच्या बापानं माझा दात पाहिला, वावर किती ते विचारलं, आणि जाताना अंगणातल्या तीन दगडांकडं पाहून म्हणाला, "चूल जराशीक उघड्यावर हाये."

दादाला बातमी मंगरूळपीरच्या रस्त्यावर कोणीतरी दिली. जगदेवला मजुरांनी दिली. साधी गोष्ट होती. दादानं जगदेवला विचारायचं होतं, तू वेगळा निघतोस का? पण आमच्या घरात असं सरळ विचारत नाहीत. सरळ विचारलं म्हणजे आपल्याला फिकीर आहे असं दिसतं. दादानं दुसराच रस्ता धरला. त्यानं जगदेवला "जगदेवराव" म्हणायला सुरुवात केली.

आयुष्यभर "काय बे" ऐकलेला माणूस. जगदेव हादरला.

"दादा मले राव काहून म्हनून राह्यला?" त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं.

"मान देऊन राह्यला असन."

"मान? वाटनी कराची असली म्हनजेच भाऊ मान देते."

मी त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर रंगूवैनीचं गुपित फुटणार. न सांगितलं तर घर फुटणार. मी दोन्हीवर सारखाच विचार केला आणि जेवायला गेलो.

मग बैलांचं सुरू झालं. आमच्याकडं एकच जोडी. एक पांढरा, धडधाकट. दुसरा तांबडा, उजव्या पायानं लंगडा. दादानं विचार केला, जगदेव पांढराच मागणार. तर त्याचं मन तांबड्यावर वळवावं. तो दारात उभा राहून मोठ्यानं म्हणू लागला, "तांबड्यासारखा बैल पंचक्रोशीत नाही. लंगडते ते अंगातल्या जोरानं." जगदेवनं ते ऐकलं. त्याला वाटलं, दादाला तांबडा हवा. काहून हवा? काहीतरी असन त्याच्यात. त्यानं तांबड्याला सरकीची ढेप चारायला सुरुवात केली. दादानं ते पाहिलं आणि त्याचाच स्वतःच्या बोलण्यावर विश्वास बसला. पाचव्या दिवशी दोघं लंगड्या बैलाच्या दोन बाजूंना उभे राहून त्याची पाठ खाजवत होते, आणि पांढऱ्याला कोणी पाणी दाखवलं नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी हेमसिंग नायक आला. शेजारच्या तांड्याचा नायक, साठीचा, कोणाच्याही भांडणात बोलावणं नसताना येणारा आणि म्हणूनच सगळ्यांना चालणारा माणूस. त्यानं पागोटं काढलं, ओसरीवर बसला आणि उपरण्याच्या पदरातून भाकर काढली.

"नायक, आमच्या घरी येऊन घरची भाकर?" दादा म्हणाला.

"कोनत्या चुलीची खाऊ, बबनराव? एकाची खाल्ली तं दुसरा म्हनन पंच फितला. म्हनून बांधून आनली." त्यानं एक घास घेतला. "चला, सुरू करा. मले दुपारी दुसरीकडं जाचं हाये."

दादानं जगदेवकडं पाहिलं. यानंच बोलावला.

जगदेवनं दादाकडं पाहिलं. यानंच बोलावला.

दोघांपैकी कोणीही म्हणालं नाही की आम्हाला वाटणी नको आहे. म्हणणारा घाबरला असं झालं असतं. म्हणून दोघंही मोठ्या रुबाबात म्हणाले, "करा."

असा आमचा, कोणालाच नको असलेला, वाटणीचा कार्यक्रम सुरू झाला. घरातली भांडी अंगणात आली. गावही आलं. जानरावही चूल वाळली का पाहायला आला होता, तो सायकलसकट अडकला. हंडे तीन ठिकाणी, परात दादाकडं, मोठी काहील जगदेवकडं. तांबड्या बैलापाशी दोघं अडले तेव्हा नायकानं दोनदा बैल चालवून पाहिला, दोन्ही भावांची तोंडं पाहिली आणि तो मुद्दा मागं ठेवला.

"शालिग्रामच्या वाट्याले काय?" कोणीतरी विचारलं.

"त्याची चूल ते तीन दगडं," नायक म्हणाला. "बाकी लग्न झाल्यावर पाहू."

मी दगडांकडं पाहिलं. त्यावर मनकर्णावैनीच्या भाकरी होत्या. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि भाकरीची टोपली जवळ ओढली.

"राह्यल्या आतल्या दोन," नायक उठला. "जुनी थोरल्याची, ते ठरलं. नवी कोनाची? ज्यानं मागतली त्याची. कोनं मागतली?"

लोकांच्या माना जानरावकडं वळल्या.

"सरकारनं," जानराव हळूच म्हणाला.

"सरकार जेवाले येते का इथं? साहेब, खरं सांगा. तुमाले कोनं बोलावलं?"

जानरावनं माझ्याकडं पाहिलं. मी पांढऱ्या बैलाकडं पाहिलं. अंगणातली पन्नासेक माणसं माझ्याकडं पाहायला लागली. मला तहान लागली.

"बघा, म्हनलं नव्हतं?" दादा कडाडला. "हा जगदेवाचा डाव! धाकट्याले पुढं केलं अन..."

"माहा डाव? राव राव म्हनून घरातून काढून कोन राह्यलं?"

"तुले राव म्हनलं ते पाप झालं का बे?"

"म्या मागतली," आतून आवाज आला.

रंगूवैनी दारात उभी होती. मागून धूर तिच्याबरोबर बाहेर येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पदरानं पुसत नव्हती.

"म्या मागतली ते चूल. मले दिसत नाही. धुरानं डोये गेले. हुकूम-बिकूम काही नाही, शालिग्रामले म्याच लबाड बोलाले लावलं."

मला वाटलं, आता सगळं संपेल. पण एवढे दिवस संशय घेतलेल्या माणसांना अचानक थांबता येत नाही. जगदेव पुढं आला.

"दिसत नाही? वैनी, परवा माह्या ताकात माशी होती. ते तं तुमी लांबून पाह्यली."

"म्या पाह्यली," मनकर्णावैनी म्हणाली.

"अन भाजीतला खडा?"

"म्याच. अन मीठ बी." ती दगडांपुढून उठली. हात पिठानं पांढरे. ती रंगूवैनीकडं पाहून बोलत होती, बाकी अंगण रिकामं असल्यासारखं. "दोन वर्सं झाले, बाई. तुमची भाजी एक दिवस अळनी, एक दिवस खारट. मले वाटे तुमी माही परीक्षा पाहून राह्यल्या. बोलली तं फसली, म्हनून मुकाट्यानं नीट करो."

"तू करे?" रंगूवैनी म्हणाली. "अन मले वाटे तू माह्या मागं मीठ टाकते. मले खोटं पाडाले. चूल घ्याले!"

"मले कायले पाह्यजे तुमची चूल? धुरानं माहा जीव जाते!"

दोघी जणी एकमेकींकडं पाहत राहिल्या. निदान एक पाहत होती. गावानं हा भाग फार शांतपणे ऐकला. नंतर त्यातलं निम्मं कोणाला समजलं नव्हतं असं कळलं.

"मंग वाटनीचं काय?" हेमसिंग नायकानं विचारलं. तो मनातून नाराज दिसला नाही, पण काम अर्धवट राहिलेलं त्याला आवडत नसे. "चुली तीन हायेत, बाई. जवरोक तीन हायेत तवरोक लोक म्हनतीनच."

रंगूवैनी आत वळली. कोपऱ्यातली लोखंडी सब्बल तिनं चाचपून उचलली. दादा "अवं, अवं" करत मागं धावला, आम्ही सगळे दादाच्या मागं. धुरात काही दिसत नव्हतं; सगळेच आता तिच्या बरोबरीला आले होते. तिनं सब्बल दोन्ही हातांनी वर उचलली. जानराव जोरात ओरडला, कारण ती बरोबर नव्या चुलीवर धरलेली होती.

मनकर्णावैनीनं तिचं मनगट पकडलं.

"हे नाही बाई. हे." आणि तिनं सब्बल हातभर डावीकडं नेली.

"दूध उतू गेलं नाही अजून," दादा म्हणाला. "नवी नाही पेटली तं घर बिनचुलीचं राहीन."

"राहू द्या," रंगूवैनी म्हणाली. "तिघंबी बिनचुलीचे राह्यले तं घर एकच राहीन."

सब्बल खाली आली. आईच्या वेळची चूल तीन घावांत गेली. हळदकुंकू मनकर्णावैनीनं नंतर वाहिलं, मातीच्या ढिगावर. बाहेर नायकानं पायानंच माझे तीन दगड पांगवले आणि माझा संसार मोडला.

मग सगळे नव्या चुलीकडं वळले. सात दिवसांची चूल, अजून बोटाला ओली लागत होती. जानरावनं कपाळाला हात लावला. जळतण घातलं, काडी ओढली. चूल फुसफुसली, रडली, आणि सगळा धूर नळाकडं न जाता थेट आमच्या तोंडावर आला.

"पाह्यलं?" दादा म्हणाला. "आता ना जुनी ना नवी."

रंगूवैनी हलली नाही. तिचा हात चुलीच्या अंगावरून फिरत होता, तोंडावरून, मानेवरून, नळाच्या बुडापर्यंत. तिथं तो थांबला.

"इथं पत्रा कायचा हाय?"

"झडप!" जानराव ओरडला. "मीच बंद ठेवली होती, उंदीर जाऊ नये म्हणून!"

तिनं पत्रा ओढला. नळात घों असा आवाज झाला, जसा कोणी मोठा श्वास घेतल्यावर होतो, आणि धूर मागं फिरून चुलीत गेला. चुलीच्या अंगाला वरपासून खालपर्यंत बोटभर भेग पडली. ती आजही आहे. पण धूर वर गेला.

बाहेर ओरडा झाला. आमच्या घरावर असा एका जागी उभा खांबासारखा धूर कोणी कधी पाहिला नव्हता. धूर नेहमी भोकातून आणि दारा-भिंतींतून झिरपायचा. लोक पाण्याच्या घागरी घेऊन धाब्यावर चढत होते. त्यांना उतरवायला जगदेव गेला. दादाही गेला. "काय बे, शिडी धर ना," असं दादाचं बोलणं ऐकू आलं आणि जगदेवनं शिडी धरली.

आत हळूहळू भिंती दिसायला लागल्या. मला माहीत नव्हतं की त्यांच्यावर निळीनं हाताचे ठसे उमटवलेले आहेत. रंगूवैनीला ते आताही दिसले नाहीत. संक्रांतीनंतर तिला अकोल्याला डोळे दाखवायला न्यायचं असं दादानं तिथल्या तिथं जाहीर केलं. "नेऊन तिथंच ठेवान," ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

दूध उतू गेलं. पहिला घास आगीत पडला. मग तिनं भाकर थापली, तव्यावर टाकली आणि सवयीनं तळहात वर धरला. वाफ नेहमीपेक्षा वेगळी येत होती. या चुलीची आच तिला अजून ओळखीची नव्हती. ती बराच वेळ हात धरून बसली. उंबऱ्यावर हेमसिंग नायक ताट मांडीवर घेऊन वाट पाहत होता.

"मनकर्णे," ती शेवटी म्हणाली, "झाली का वं?"

मनकर्णावैनी पुढं वाकली.

"नाही बाई. थांबा."

दोघी थांबल्या.

"आता?"

"आता उलटा."